बहिणींची सही आणि मत्तय ५:२३

पानमळा (धागाकर्ती)

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत जमिनीवरून जेवढी भावंडं एकमेकांशी बोलायची थांबली आहेत, तेवढी दुसऱ्या कुठल्या कारणाने थांबली नसतील असं मला वाटतं. वाडीत केळी, पानवेली, मोगरा होता तोवर गुंठ्याचा भाव कोणी विचारत नव्हतं. आता इमारती विहिरीपर्यंत आल्या आणि प्रत्येक बांधाला किंमत आली.

आमच्या घरचं सांगते. वडील गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई आहे. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. भावांनी आम्हा दोघींसाठी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला आणि सोबत निरोप: आपण ख्रिस्ती आहोत, जमिनीसाठी भांडणं आपल्याला शोभत नाही, सोडून देणं हीच प्रभूची शिकवण. एका नातेवाईकांनी येशूने पेत्र या शिष्याला दिलेलं उत्तरही ऐकवलं, सात वेळा नाही, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर.

प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, वीस ते सव्वीस ही वचनं वाचली जातात. ती मी यंदा घरी पुन्हा पुन्हा वाचली. तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. आता नीट बघा, येशू उठून जायला कोणाला सांगतो आहे? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. ज्याचं मन दुखावलंय, ज्याचं काही गेलंय, त्याला या वचनात काहीच करायला सांगितलेलं नाही.

शिवाय हे बोलणं गालीलातलं आहे. वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या गावापासून पायी काही दिवसांच्या वाटेवर. अर्पणाचं जनावर तिथेच सोडून घरी परत जा, भावाची समजूत काढ आणि पुन्हा एवढं अंतर चालून ये, एवढं मोठं मागणं आहे ते. आणि आपण हे वचन दुखावलेल्या माणसाला गप्प करायला वापरतो. मला याचा त्रास होतो.

माझे प्रश्न दोन. वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागणं ख्रिस्ती शिकवणीला सोडून आहे का? आणि मागायचाच, तर माहेर राहील अशा रीतीने कसा मागावा?

नगरी

ताई, मी मराठी मिशनच्या मंडळीतला, वय झालेला माणूस. पंचकमिटीवर, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीवर, बरीच वर्षं काढली, तेव्हा असे वाद जवळून पाहिले आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मत्तय १८:१५ ते १७ मध्ये जवळजवळ जसंच्या तसं आहे. भावाने अपराध केला तर आधी एकटं जाऊन त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, म्हणजे दोघातिघांच्या साक्षीने गोष्ट पक्की होईल. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आपल्याकडे नेमकं उलट होतं. आधी सगळ्या गावाला कळतं, मग वकिलाची नोटीस जाते आणि भावाच्या ओट्यावर बसून बोलणं होतच नाही.

आता तुम्हाला प्रेषित पौलही ऐकवतील. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय: भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात जातो, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हे वचन सांगणारे सातव्या ओवीवर थांबतात. आठवी वाचत नाहीत. तिथे पौल म्हणतो, उलट तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही आपल्या भावांना. पाचव्या ओवीत तर तो विचारतो की भावाभावांमधला निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? वाद मिटवायची जबाबदारी त्याने मंडळीवर टाकली आहे. ज्याचा हिस्सा गेला त्याने तोंड मिटून बसावं आणि मंडळीने प्रार्थना म्हणून घरी जावं, असं त्या अध्यायात कुठेही नाही.

हिशेबनीस

श्रद्धेचं इतर सांगतील, मी कायद्याचं सांगतो, कारण यात फार गैरसमज आहेत.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही, लग्न झालेली-न झालेली हाही नाही. 'वडिलोपार्जित, म्हणून मुलांचा जन्मतः हक्क' ही कल्पना हिंदू कायद्यातली, ती इथे चालत नाही. वडील हयातीत मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकले असते. ते केलेलं नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांना समान. समजा जमीन ६० गुंठे आहे. आईचे २०, आणि तुम्हा चौघांचे प्रत्येकी १०.

सातबाऱ्यावर भावांचीच नावं चढली म्हणून हक्क जात नाही. तो महसुली दप्तराचा उतारा आहे, मालकीचा निवाडा नाही. पण हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं गेलं की मागे फिरणं फार अवघड. 'फक्त सही कर' म्हणतात ती सही हीच.

तिरसा

माझं टोपणनाव ज्या तिरसाचं आहे तिचीच गोष्ट या धाग्यात यायला हवी. जुन्या करारातलं गणना हे पुस्तक, अध्याय २७. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. आमच्या बापाच्या भाऊबंदांमध्ये आम्हाला वतन द्या, असं त्या सरळ म्हणाल्या. मोशेने प्रकरण परमेश्वरापुढे नेलं, आणि उत्तर आलं की या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. पुढे यहोशवाच्या सतराव्या अध्यायात त्यांना ते वतन प्रत्यक्ष मिळालंसुद्धा.

खरं सांगायचं तर त्यांना भाऊ नव्हता, आणि छत्तिसाव्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट आली. त्यामुळे पानमळाताईंचं प्रकरण हुबेहूब तसं नाही. पण ईयोबाचा शेवटचा अध्याय वाचा. त्याला सात मुलगे होते, तरी त्याने तिन्ही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. या गोष्टी आम्हाला शब्बाथशाळेत कोणी शिकवल्या नाहीत. एस्तेर शिकवली, रूथ शिकवली, या पाचजणी राहून गेल्या. वंशावळी आणि वतनाचे अध्याय कंटाळवाणे म्हणून सोडून देतात, आणि बायकांच्या कामाचं बरंच त्यांतच आहे.

साधाविचार

मी थोडा वेगळा विचार मांडतो, राग मानू नका.

डोंगरावरच्या प्रवचनातच ५:४० आहे. जो तुझ्यावर फिर्याद करून तुझी बंडी घेऊ पाहतो त्याला अंगरखाही घेऊ दे. यातून मार्ग काढायचा प्रयत्न आपण सगळे करतो, पण वचन स्पष्ट आहे. माझ्या थोरल्या भावाने घराच्या वाटणीत जास्त घेतलं. मी सोडून दिलं. आज त्याच्या मुलांच्या लग्नात मी पुढे असतो, आणि माझं मन हलकं आहे. लूकच्या बाराव्या अध्यायातही एकजण येशूला म्हणाला, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू काय म्हणाला? मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच लोभापासून जपायला सांगितलं. इतकं उघड उत्तर असताना आपण कायद्याची कलमं का काढतो?

पानमळा

साधाविचारदादा, तुमचं मन हलकं आहे हे वाचून बरं वाटलं, आणि तुम्ही केलंत ते मोठं आहे. मी त्याला कमी लेखत नाही.

पण तुम्ही स्वतः ठरवून दिलंत. ते तुमचं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं, आणि मग तुम्ही ते सोडलंत. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय: पेत्र हनन्याला म्हणतो की ते शेत होतं तोवर तुझंच होतं ना, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते ना? सगळे विश्वासणारे सर्वस्व देत होते त्या काळातही पेत्र आधी मालकी मान्य करतो आणि मग देण्याबद्दल बोलतो. आमच्या बाबतीत 'तुमचं आहे' हे वाक्य अजून कोणी उच्चारलेलं नाही. मसुद्यात लिहिलंय, स्वखुशीने सोडत आहे. खुशी विचारलीच नाही तर मी ती लिहून कशी देऊ? खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मलाही आहे.

लूक १२ मी अनेकदा वाचला. लोभाविषयीचा इशारा दोघांनाही आहे, मागणाऱ्यालाही आणि धरून ठेवणाऱ्यालाही. 'संभाळा' असं येशू सगळ्यांना म्हणतो. त्यानंतरचा दृष्टांत तर कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्या माणसाचा आहे.

बार्देसकार

आमच्या गोव्याचं थोडक्यात सांगतो, तुलना म्हणून. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलांना, मुलगा असो की मुलगी, समान वाटा आहे. आईवडिलांना मृत्युपत्राने फक्त अर्ध्या मालमत्तेची मनाजोगी व्यवस्था करता येते, बाकीची अर्धी वारसांसाठी राखीव. म्हणजे कायदा मुलींच्या बाजूने दीडशे वर्षं उभा आहे. तरीही इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची, कोर्टातली प्रकरणं लांबत जातात, घरांना कुलपं लागतात, छपरं पडतात आणि भावंडं चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात. कायद्याने हिस्सा मिळेल. बोलणं सुरू करायचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागेल.

आखातातून

मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण इथे भाऊ म्हणजे लुबाडणाराच असं वाचायला मिळतंय.

मी परदेशात असतो. वाडी माझा धाकटा भाऊ बघतो. मोटर बिघडली की तो, मजूर मिळाला नाही की तो. बाबांच्या शेवटच्या आजारपणात रात्री हॉस्पिटलमध्ये तोच होता. आम्ही बाकीचे नाताळला यायचो, फोटो काढायचो. आता समान वाटणी म्हटलं की त्याच्या तेवढ्या वर्षांचं काय? मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना विचारतो की कुर्बान म्हणून, देवाला वाहिलं म्हणून सांगून तुम्ही आईवडिलांना मदत करायचं टाळता. ज्याने टाळलं नाही त्याला काही नको का?

पानमळा

हवं, आणि हे तुम्ही लिहिलंत ते चांगलं झालं. आमच्याकडेही धाकटा भाऊ आईजवळ आहे आणि तिचं सगळं करतो.

माझं म्हणणं असं की मजुरी आणि हिस्सा या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे हे लूकच्या दहाव्या अध्यायातलं वचन भावालाही लागू आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. त्याने वाडी कसली, आईचं केलं, त्याचा हिशेब कागदावर मांडावा आणि आम्ही बाकीच्या तिघांनी तो आपापल्या हिश्श्यातून द्यावा. मी तो आनंदाने देईन. पण 'मी केलं म्हणून सगळं माझं' आणि 'तुझं लग्न झालं म्हणून तुझं काही नाही' ही वाक्यं एकमेकांत मिसळली की दोन्हीकडे अन्याय होतो. थोरला भाऊ वाडीत पायही ठेवत नाही, तरी मसुद्यात त्याचा निम्मा वाटा आहे.

सहप्रवासी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातली आहे. आमच्याकडे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, तरी राखी बांधून झाल्यावर सही मागतात, अगदी हेच आहे. एक विचारायचं होतं. तुमच्यात फादरांजवळ पाप सांगितलं की क्षमा मिळते ना? मग ज्याने बहिणीचा हिस्सा दाबला त्याने ते सांगितलं, तर संपलं का?

नंतरवाचतो

सहप्रवासीताई, नाही संपत. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथात परिच्छेद २४१२ मध्ये स्पष्ट आहे की केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणजे घेतलेलं ज्याचं त्याला परत करणं, आणि तिथे उदाहरण जक्कयाचं आहे.

जक्कयाची गोष्ट अशी. यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी उतरला. जक्कय उभा राहून म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. जक्कय नुसता रडून गप्प बसला नाही, आकडा बोलला.

मोशेच्या नियमशास्त्रातही हे आहे. गणना ५:७, पाप कबूल करावं, मुद्दल परत द्यावं आणि त्यावर पाचवा हिस्सा जास्त द्यावा. म्हणजे दहा गुंठ्यांचं उत्पन्न काही वर्षं कोणी एकट्याने खाल्लं असेल तर तेवढं परत, वर वीस टक्के. आजच्या वाटणीत असा हिशेब कोणी करत नाही. करायला हवा असं मला मनापासून वाटतं. उपवासकाळात मटण सोडणं त्यामानाने फार सोपं आहे.

नगरी

जक्कयाबरोबर बांधाचंही लक्षात असू द्या. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात, १९:१४, पूर्वजांनी घातलेली शेजाऱ्याची मेर सरकवू नको. आणि २७:१७ मध्ये मेर सरकवणाऱ्यावर शाप आहे, सगळ्या लोकांनी त्याला 'आमेन' म्हणायचं आहे. त्याच अध्यायात पुढच्याच ओळींत आंधळ्याची वाट चुकवणारा आणि परका, अनाथ, विधवा यांचा न्याय बिघडवणारा येतो. जमिनीच्या खोडीला शास्त्राने या पंक्तीला बसवलंय. आणि नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाने घेतला तो दरोडा घालून घेतला नाही. त्याची राणी ईजबेल हिने त्याच्या नावाने पत्रं लिहिली, त्याचा शिक्का मारला, दोन खोटे साक्षीदार उभे करवले. कागद पक्के होते म्हणून एलीया संदेष्टा गप्प बसला नाही.

हिशेबनीस

नगरीकाकांच्या बांधावरून आठवलं. भावाभावांत किंवा शेजाऱ्यांत ताबा एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा अशी अदलाबदल झालेली असते. त्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली: किमान बारा वर्षांचा परस्पर ताबा असेल तर १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी शुल्कात अदलाबदलीचा दस्त. सध्या ती कितपत लागू आहे ते तलाठ्याकडे विचारा. सहहिस्सेदारांत एकमत असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करता येतं, दिवाणी दाव्याची गरज पडत नाही. एकमत हवं, तेवढंच.

पानमळाताई, एक विचारायचं राहिलं. मसुद्यात आईचं काय लिहिलंय?

पानमळा

आत्ता पुन्हा काढून वाचला. आईचं नावच नाही. भाऊ एक आणि भाऊ दोन, निम्मं निम्मं, एवढंच. खाली आम्हा दोघींच्या सहीची जागा.

मला वाटतं हे त्यांच्याही डोक्यात आलं नसेल. आई त्यांच्याजवळच राहते, म्हणजे तिचं झालंच, असं धरून चाललेत. आणि मीही एवढे दिवस आमच्या दोघींच्या हिश्श्याचंच बोलत होते.

तिरसा

मग बैठक तिथूनच सुरू करा. निर्गम २२:२२, विधवेला गांजू नका. हे तुमच्या भावांनाही नाकारता येणार नाही, आणि त्यात तुम्ही स्वतःसाठी काही मागत नाही. आईचा तिसरा हिस्सा तिच्या नावावर, तिच्या हयातीत, तिच्या हातात. तिच्या सहीशिवाय तिचा हिस्सा विकला जाणार नाही हे एवढ्यानेच होतं.

साधाविचार

यावर माझंही काही म्हणणं नाही. स्वतःची बंडी देणं माझ्या हातात आहे, आईची देणं नाही. ताई, तुम्ही आधी धाकट्याशी एकट्याने बोला, नगरीकाकांनी सांगितलं तसं. नोटीस नको, फोनवरही नको.

पानमळा

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर धाकट्याकडे जाते, एकटीच. त्याला आधी त्याच्या कामाचा हिशेब मांडायला सांगेन, तो न मागता. मग आईच्या तिसऱ्या हिश्श्याचं. बहिणीशी बोलले, ती म्हणाली की आईचं नाव लागलं तर आमच्या दोघींच्या हिश्श्याबद्दल बोलायला ती घाई करणार नाही, पण सहीही करणार नाही. थोरल्याने ऐकलं नाही तर धर्मग्रामातले (आमच्या चर्चच्या हद्दीतले) दोन जाणते घेऊन जाऊ. कोण घ्यावेत यावर मात्र सल्ला हवा आहे. दोघेही भावांचे मित्र नसावेत, आणि निदान एक बाई असावी असं मला वाटतं.

नगरी

बाई असावीच. आणि निवाड्याच्या बैठकीत काय ठरलं ते तिथल्या तिथे लिहून सगळ्यांना वाचून दाखवा, आईला सुद्धा. तिला ऐकू कमी येत असेल तर शेजारी बसून सांगा, पण तिच्या तोंडून हो किंवा नाही आल्याशिवाय पुढच्या मुद्द्यावर जाऊ नका.